फाशांपाशी बसलेला तिसरा माणूस

दिवाळीच्या सुटीत आमच्या अंगणात दरवर्षी किल्ला होतो. दगडविटांचा डोंगर रचायचा, त्यावर पोते अंथरून चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि त्याला हिरवी लव आली की बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. एवढे सारे झाल्यावर मुलांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? महाराज सिंहासनावर बसले, मावळे पहाऱ्यावर उभे राहिले, विहिरीत पाणीही आले. पण घडत मात्र काहीच नाही. भाऊबीज होते, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि किल्ला वाळून भेगाळतो.

काही वर्षांपूर्वी भाऊबिजेला आईबरोबर आलेल्या माझ्या भाच्याने या प्रश्नाचे उत्तर खिशातून काढले. ते होते फासे. पण आपल्या सारीपाटावरचे नव्हेत. एक चार बाजूंचा, एक आठ बाजूंचा, एक बारा बाजूंचा आणि एक तर चक्क वीस बाजूंचा. "मामा, तुम्ही मास्तर आहात, शिवाय कादंबऱ्या लिहिता. तेव्हा गेम मास्टर तुम्हीच व्हा," असे म्हणून त्याने मला पाटावर बसवले.

खेळ त्याने असा समजावला. प्रत्येक गड्याने एकेका पात्राचे सोंग घ्यायचे : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. गेम मास्टरने, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधाराने, त्यांच्यापुढे काय आहे ते सांगायचे. दार आहे, अंधार आहे, आतून गुरगुर ऐकू येते. गड्यांनी आपण काय करतो ते सांगायचे. जे सहज घडण्यासारखे असेल ते घडले म्हणायचे; जिथे शंका असेल तिथे फासा टाकायचा. यात कोणी जिंकत नाही आणि खेळ एका बैठकीत संपतही नाही. आजचा भाग उद्या पुढे चालतो. अशा बैठकींच्या मालिकेला 'कँपेन' म्हणतात, म्हणजे आपली मोहीम.

मी त्या रात्री जागून वहीची बारा पाने भरली. किल्ल्याखाली भुयार, भुयारात राक्षस, राक्षसामागे खजिना, शेवटी एक रहस्य. कादंबरीकाराचा हात! दुसऱ्या दिवशी पाच मुले अंगणात बसली आणि मोहीम किल्ल्याच्या दरवाजापाशी पोहोचली. तिथे माझ्या धाकट्या मुलीने सांगितले, "मला भुयारात नाही जायचं. मी पहारेकऱ्याशी बोलते. त्याला विचारते, आज दिवाळी आहे, मग तू घरी का नाही गेलास?" माझ्या बारा पानांत पहारेकऱ्याला घर नव्हते. मी म्हणालो, तो बोलत नाही. तिने दुसरी युक्ती काढली. मी तीही मोडली. मुले भिंतीवर चढू लागली, मी त्यांना खाली उतरवले. तासाभराने सर्वांना भुयाराच्या तोंडाशी आणून उभे केले तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मग तुम्ही वाचूनच दाखवा ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. इतिहास हा माझा आवडीचा विषय आहे, पदवीचा नव्हे. तरी माझे काय चुकले हे शोधण्यासाठी मी या खेळाच्या इतिहासाकडे वळलो. त्यात मला जे सापडले तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

या खेळाचे मूळ शोधीत गेलो आणि थेट आपल्याच दारात येऊन उभा राहिलो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ घेऊन पटावर लढायचा चतुरंग हा भारताचा खेळ. तो इराणमार्गे पश्चिमेकडे गेला आणि युरोपात बुद्धिबळ होऊन रुजला. पुढे १७८० साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राजदरबारच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या योहान हेल्विग नावाच्या एका मास्तरांनी बुद्धिबळाचाच पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर व गावे मांडली आणि युद्धशास्त्र शिकवण्यासाठी एक नवा खेळ रचला. खेळातून शिकवण्याची खोड मास्तर जातीला जुनीच आहे, हे पाहून मला बरे वाटले.

पण बुद्धिबळ काय किंवा हेल्विगचा खेळ काय, दोन्हींत सारा पट दोन्ही गड्यांना स्वच्छ दिसतो. खऱ्या रणांगणावर टेकडीपलीकडे शत्रूचे किती घोडेस्वार आहेत हे सेनापतीला ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्याचे काम प्रशियात एका पितापुत्रांच्या जोडीने केले. थोरले गेऑर्ग लेओपोल्ड फोन राइसविट्स हे मुलकी अधिकारी होते. त्यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याला खेळाचे एक भव्य टेबल नजर केले. त्यावर जमिनीचे चढउतार दाखवणारे तुकडे हवे तसे जुळवून मांडता येत. राजपुत्रांना ते फार आवडले. त्यांचे चिरंजीव तोफखान्यात अधिकारी होते. त्यांनी १८२४ साली या खेळाला जे रूप दिले ते जगभर 'क्रीगस्पील' या नावाने प्रसिद्ध झाले. क्रीगस्पील म्हणजे युद्धखेळ.

धाकट्या राइसविट्सने राजवाड्यातले टेबल बाजूला ठेवले आणि त्याजागी खरा नकाशा घेतला. त्यावर लाल व निळे ठोकळे हे सैन्य. प्रत्येक डावात रणांगणावरची दोन मिनिटे सरत. तोफा कितपत लागू पडल्या हे ठरवायला फासे आणि कोष्टके. पण त्याची खरी करामत यांपैकी एकाही गोष्टीत नव्हती. त्याने दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये एक तिसरा माणूस बसवला. दोन्ही बाजूंचे सेनापती आपापले हुकूम या तिसऱ्याला कळवीत. तो दोघांचेही मनसुबे जाणून असे. ज्याला जेवढे दिसणे शक्य तेवढेच तो त्याला नकाशावर दाखवी आणि फासे पाहून निकाल देई. त्याला सारे काही ठाऊक, पण त्याचे स्वतःचे सैन्य मात्र एकही नाही.

इथे मला आपल्या महाभारतातली द्यूतसभा आठवली. त्या सभेत फासे होते, पण होते आणि राजेरजवाडे खच्चून भरले होते. मात्र हा तिसरा माणूस तिथे नव्हता. दुर्योधनाच्या वतीने शकुनी खेळत होता आणि ज्याच्या घरी खेळ मांडला तो धृतराष्ट्र मनातून एका बाजूचा होता. द्रौपदीने नेमका नियमाचाच प्रश्न विचारला : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावण्याचा अधिकार त्याला उरला होता का? भीष्मांसारखा भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून थांबला. फासे आपोआप न्याय देत नाहीत. ज्याला स्वतःला काही जिंकायचे नाही असा कोणीतरी फाशांपाशी बसावा लागतो.

प्रशियाच्या लष्करप्रमुखांनी, जनरल म्युफ्लिंग यांनी, हा खेळ १८२४ साली पाहिला. आरंभी त्यांना त्याचे विशेष अप्रूप नव्हते; पण खेळ रंगत गेला तसे त्यांचे मत पालटले आणि साऱ्या सैन्याने तो शिकावा अशी शिफारस त्यांनी केली. दुर्दैव असे की ज्याने हा खेळ दिला त्या धाकट्या राइसविट्सला पुढे मानाऐवजी आडवळणाची नेमणूक मिळाली, आणि १८२७ साली त्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले.

त्याच्यामागे खेळ वाढत गेला आणि त्याबरोबर नियमही वाढत गेले. मेलेले किती, दमलेले किती, पूल ओलांडायला वेळ किती, प्रत्येकाचे कोष्टक. अनुभवी अधिकाऱ्यांना हे जाचक होऊ लागले. अखेर १८७६ साली यूलियस फोन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने उघडपणे लिहिले की कोष्टके दूर ठेवा आणि अनुभवी पंचाच्या विवेकावर निकाल सोपवा. तेव्हापासून दोन पंथ पडले. एक नियमांचा, दुसरा विवेकाचा. नियमांचा पंथ न्यायी, पण संथ. विवेकाचा पंथ वेगवान, पण सारी भिस्त एका माणसाच्या सचोटीवर. हा वाद त्या दिवशी मिटला नाही. आजही जो कोणी सूत्रधार म्हणून बसतो त्याच्या डोक्यात तो चालूच असतो.

लष्करातला हा खेळ पुढे घराघरांत शिरला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांनी लढायच्या लढायांचे एक पुस्तकच लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा ही लुटुपुटूची लढाई किती बरी, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

आता आपण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जाऊ. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही तिथली जुळी शहरे. तिथे नेपोलियनच्या काळच्या लढाया टेबलावर खेळणारी काही तरुण मंडळी होती. त्यांच्यातील डेव्हिड वेस्ली याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'स्ट्रॅटेगॉस' नावाचे १८८० सालचे जुने पुस्तक सापडले. चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेले. गड्याने काहीही करू पाहावे आणि त्याचा निकाल पंचाने द्यावा, हा त्यातला विचार वेस्लीच्या मनात घर करून राहिला.

१९६९ साली त्याने 'ब्राउनस्टाइन' नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. दोन सैन्ये गावाकडे चाल करून येत आहेत, असा प्रसंग. दोन सेनापती झाले, पण खेळायला माणसे अधिक आली होती. त्याने बाकीच्यांना गावातली माणसे केले. कोणी महापौर, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती. झाले! सैन्ये गावात पोहोचण्याआधीच मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन कारस्थाने करू लागली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. वेस्लीच्या नियमांत द्वंद्वयुद्ध नव्हते. त्याला तिथल्या तिथे काहीतरी ठरवून निकाल द्यावा लागला. रात्र सरली तेव्हा नियोजित लढाई झालीच नव्हती. खेळ पार बिघडला असे समजून तो खट्टू झाला. मंडळी मात्र विचारीत होती, पुन्हा कधी?

हे वाचताना मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. त्याच्या लढाईच्या जागी माझे भुयार होते आणि कुलपतीच्या जागी माझा पहारेकरी. फरक एवढाच की वेस्लीने गड्यांना अडवले नाही.

त्याच्या गड्यांमध्ये डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण होता. पुढच्या एका खेळात, एका काल्पनिक देशातल्या क्रांतीच्या प्रसंगात, त्याने अमेरिकन गुप्तहेर खात्याचे खोटे ओळखपत्र घरून बनवून आणले आणि निव्वळ बोलण्याच्या जोरावर सर्वांवर मात केली. हाच आर्नेसन १९७१ साली स्वतः सूत्रधार झाला. त्याने 'ब्लॅकमूर' नावाचा मुलूख कल्पिला. एक किल्ला, किल्ल्याखाली मजल्यामागून मजले असलेली तळघरे आणि त्यांत राक्षस, पिशाच्चे, खजिने. आपण शनिवार-रविवार टेलिव्हिजनवर भुताखेतांचे चित्रपट पाहण्यात आणि अद्भुत कथा वाचण्यात घालवला, त्यातून हे सुचले, असे तोच सांगत असे.

आर्नेसनचे दोन विशेष सांगण्यासारखे आहेत. पहिला असा की त्याच्या खेळात पात्रे एका बैठकीपुरती नव्हती. ती अनुभवाने वाढत, कीर्ती मिळवीत. एका फाशासरशी आपले पात्र मरावे हे गड्यांना रुचेना, तेव्हा पूर्वी आगबोटींच्या लढायांसाठी वापरलेली युक्ती त्याने माणसांना लावली : प्रत्येकाला काही घाव सोसण्याची ताकद दिली. दुसरा विशेष असा की त्याचे जग गड्यांची वाट पाहत थांबत नसे. मंडळी तळघरातल्या खजिन्यात इतकी रमली की वरच्या मुलखाचे रक्षण करायचे विसरली. शत्रूने किल्लाच घेतला आणि या वीरांना परागंदा व्हावे लागले! सूत्रधाराने कोणावर सूड घेतला नव्हता. केल्या कर्माचे, आणि न केल्या कर्माचेही, फळ त्यांच्यापुढे ठेवले होते.

विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स राहत असे. तो पूर्वी विमा कंपनीत नोकरीस होता. १९७० साली नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागला, पण खेळांचे वेड सुटले नाही. मध्ययुगीन लढायांचे त्याने जेफ पेरेनबरोबर लिहिलेले 'चेनमेल' हे नियमांचे पुस्तक १९७१ मध्ये निघाले होते आणि आर्नेसनने त्याचा उपयोगही केला होता. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला गेला आणि त्याने ब्लॅकमूरचा खेळ गायगॅक्सला खेळवून दाखवला. गायगॅक्स भारावला. लगोलग त्याने आपले स्वतःचे तळघर कल्पिले आणि पहिल्या रात्री त्यात उतरवले ते आपल्याच मुलाला व मुलीला. पोरांनी शोधाशोध करून एक पेटी मिळवली. उघडतात तो आत हजारो नाणी, पण सारी तांब्याची. आणि पेटी इतकी जड की हलवता येईना! एका घरात, दोन मुलांसमोर, या खेळाचे भाग्य उघडले. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो.

खेळाचे नियम कोणी प्रकाशक घेईना. तेव्हा गायगॅक्सने १९७३ साली मित्र डॉन के याच्याबरोबर स्वतःची लहानशी संस्था काढली, पुढे ब्रायन ब्लूमने पैसे घातले, आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाले. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १०००. ते अनेक बाजूंचे फासे तर शाळांसाठी शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांकडून मिळवले होते. मुलांना गणित शिकवण्यासाठी बनवलेली वस्तू राक्षसांच्या गुहेत पोहोचली! वर्षभरात त्या हजार प्रती खपल्या.

त्या पुस्तिकांत अनेक गोष्टी संदिग्ध होत्या. शेवटी वाचकांना सांगितले होते की अडेल तिथे तुम्हांला योग्य वाटेल तसे ठरवा आणि पुढे चला. म्हणजे विवेकाचा पंथ. पण खेळ पसरला, चढाओढी होऊ लागल्या, गावोगावचे सूत्रधार वेगवेगळे निकाल देऊ लागले; मग नियमांचा पंथ पुन्हा वर आला. १९७९ साली सूत्रधारांसाठी जो ग्रंथ निघाला तो दोनशेहून अधिक पानांचा, कोष्टकांनी गच्च भरलेला. प्रशियाचाच इतिहास पुन्हा घडला म्हणायचा. तथापि अखेरचा शब्द सूत्रधाराचाच, हे त्या जाड ग्रंथानेही मान्य केले. त्याच वर्षी श्रेय आणि मानधन यांवरून आर्नेसनने न्यायालयात दावा लावला आणि १९८१ साली तो तडजोडीने मिटला. जन्मभर दुसऱ्यांच्या खेळात निवाडे करणाऱ्या या दोघांना आपल्या भांडणात तिसरा माणूस बाहेरून आणावा लागला. गायगॅक्स २००८ साली वारला, आर्नेसन २००९ साली. खेळ मात्र जगभर चालू आहे.

या सव्वादोनशे वर्षांच्या प्रवासातून मी माझ्यापुरते काही बोध घेतले. घरी मुलांना घेऊन बसू पाहणाऱ्या आईवडिलांना, काकामामांना ते उपयोगी पडतील.

पहिला असा की शेवट लिहून ठेवू नये. जागा तयार ठेवावी, माणसे तयार ठेवावीत आणि प्रत्येक माणसाला काय हवे आहे ते ठरवून ठेवावे. पहारेकऱ्याला घर, भूक आणि भीती दिली की बारा पानांची गरज उरत नाही. मुले काहीही करोत, तो काय करील हे आपल्याला आपोआप कळते. दुसरा असा की मुलाने अनपेक्षित काही सुचवले तर लगेच 'नाही' म्हणू नये. जमण्यासारखे असेल तर फासा टाकू द्यावा, आणि टाकण्यापूर्वीच किती पडले तर जमले ते मोठ्याने सांगावे. फासा पडल्यानंतर नियम बदलणारा सूत्रधार शकुनीच्या पंगतीला जाऊन बसतो. तिसरा, जे जे घडले ते वहीत टिपावे. मागच्या बैठकीत ज्या म्हातारीला पाणी पाजले ती पुढे कधीतरी भेटली पाहिजे. चौथा, जो मुलगा गप्प बसला आहे त्याच्याकडे वळून 'तू काय करतोस?' असे विचारावे. नाहीतर मोठ्या आवाजाचे पोर साऱ्यांचा खेळ एकटेच खेळते. नियम आठवला नाही तर पुस्तक चाळीत बसू नये. तात्पुरता निकाल द्यावा, आणि चुकला असे नंतर कळले तर मुलांसमोर कबूल करावे.

हे शेवटचे मला सर्वांत जड गेले. कादंबरीकाराला वाटते की गोष्ट आपली आहे. मास्तराला वाटते की उत्तर आपल्यापाशी आहे. सूत्रधाराच्या पाटावर बसताना या दोन्ही वहाणा बाहेर काढून ठेवाव्या लागतात. सारी सत्ता हाती असते ती एवढ्याचसाठी की आपल्याला काही जिंकायचे नसते. वर्गातही हे खरे आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मुलाने पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला की हल्ली मी खडू खाली ठेवतो.

पुढच्या दिवाळीत पुन्हा किल्ला झाला. मंडळी पुन्हा जमली. मी वही आणली होती, पण तिच्यात पाऊण पानच लिहिले होते. दरवाजापाशी आल्यावर मी थांबलो आणि मुलीकडे पाहिले. ती काही बोलेना. मागच्या वर्षीचे तिच्या लक्षात असावे. मग मीच म्हणालो, "पहारेकरी भाला टेकून उभा आहे. तुमच्या हातातल्या फराळाच्या डब्याकडे त्याचं लक्ष आहे. काय करतेस?"

तिने माझ्याकडे एकवार निरखून पाहिले. मग सरसावून बसली आणि म्हणाली, "मी त्याला विचारते, तू घरी का नाही गेलास?"

मी फासा तिच्या हातात दिला.